हाक्याचा ठेका

माझा भाऊ वामन याला तालातलं काहीही कळत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. आता तो आजोबा झाला आहे, बल्लारपुरात स्वतःचं घर बांधून राहतो, गुडघे दुखतात म्हणून सकाळी काठी घेऊन फिरतो, आणि तरीही वरचं वाक्य लिहिताना मला बरं वाटलं. लहानपणी तो देखणा होता. हसला की गालाला खळी पडायची, आणि कॉलनीतली कोणतीही बाई त्याच्या हातावर काहीतरी खाऊ ठेवल्याशिवाय त्याला पुढे जाऊ देत नसे. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. त्याच बाया माझ्या हातात रिकामं पातेलं देत, तुझ्या मायला नेऊन दे म्हणून. लोक म्हणतात, म्हातारपणी या गोष्टी विसरून जाव्यात. मी प्रयत्न केलेला नाही.

तेव्हा आम्ही माजरीला राहत होतो. बाबा कोळसा खाणीच्या गेस्ट हाऊसवर खानसामा होते आणि आमची खोली मागच्या आवारात, गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघराला लागूनच होती. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की फळीवरची भांडी एकदम खळखळायची आणि माय तिकडे न बघता हात वर करून कडेची बरणी धरायची. दोरीवरचे कपडे झटकले की काळी भुकटी उडायची. पाळीचा भोंगा, सायडिंगला वाघिणी एकमेकींवर आदळत जायच्या तो आवाज, पाट्यावर माय खोबरं वाटायची तो आवाज, हे सगळं माझ्या कानात अजून जसंच्या तसं आहे. साहेब लोकांसाठी बाबा कटलेट आणि कस्टर्ड करत. आमच्या ताटात भात, तरोट्याची भाजी आणि गावाहून आलेली सुकसी, म्हणजे वाळवलेली मासळी, असायची. सुकसी भाजली की तिचा वास गेस्ट हाऊसच्या पडद्यांत शिरतो म्हणून माय आधी खिडक्या लावून घ्यायची.

बाबा मूळचे तळ्यावरचे. मूल गावाच्या पुढे, झाडीपट्टीत, आमचं ढिवरांचं, म्हणजे मासेमारांचं, गाव. बाबांचे मोठे भाऊ, म्हणजे आमचे मोठेबा, तिथे तळ्याचं काम बघत. तळं पाण्यानं भरलेलं असताना मासा नुसत्या जाळ्यानं लागत नाही, त्याला हाकलून जाळ्याकडे आणावं लागतं. त्याला आमच्याकडे हाका घालणं म्हणतात. एका बाजूला जाळं ताणून उभं करायचं आणि दुसऱ्या बाजूनं पुरुषांनी डोंगे, म्हणजे लहान होड्या, घेऊन, बांबूनं डोंग्याची कड ठोकत यायचं. ते ठोकणं वाट्टेल तसं नसतं. दोनदा लाकडावर, मग थांबायचं, मग एकदा पाण्यावर. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, आवंढा गिळण्याएवढं. तेवढ्यात मासा ठरवतो कुठे पळायचं ते. घाईघाईनं ठोकत सुटलं तर तो भेदरून गाळात बसतो आणि जाळं रिकामं येतं. पोरीबाळींनी डोंग्यात पाय ठेवायचा नाही अशी आमच्या घराण्यात रीत होती, पण बांधावरून डबे वाजवायला पोरी लागायच्याच. हाक्याला आम्ही गावी जायचोच, आणि मी चालायला लागल्यापासून डबा वाजवत होते. मोठेबा कोणाचं कौतुक करत नसत, पण हाक्याच्या दिवशी ते बांधावर मला शोधत आणि मी दिसले की डोंगा पाण्यात लोटत.

अशात एके दिवशी मोठमोठ्या लाकडी पेट्यांतून खाणीत एक यंत्र आलं आणि ते जोडायला ऑस्ट्रेलियातून केविन साहेब आला. उंच, मानेला लालभडक, हसला की सगळे दात दिसायचे. महिनाभरासाठी म्हणून आला आणि यंत्र काही केल्या चालेना, म्हणून तीन वर्षं राहिला. पहिल्या आठवड्यात त्यानं बाबांचा मरळ माशाचा रस्सा खाल्ला आणि कटलेट बंद करायला सांगितलं. त्याच्याकडे एक टेपरेकॉर्डर होता आणि एकाच बँडच्या कॅसेट होत्या. गिटारी, ढोल आणि वरून एक माणूस ओरडतो आहे, असं ते संगीत. माय म्हणायची, याच्या मुलखात कोणाचं पोट दुखत असंन. मला मात्र त्या ओरडण्याखालचा ढोल आवडायचा. नंतर कळलं की सुरुवातीच्या कॅसेटांवरचा तो ढोल केविन साहेबच वाजवत होता.

त्या बँडचं नाव मी इथे लिहिणार नाही. वामननं हे वाचलं तर तो ते नाव सगळ्या बल्लारपूरला सांगत सुटेल. गोष्ट मात्र सांगते, कारण ती आमच्या घरात रोज जेवताना निघायची. साहेब संध्याकाळी व्हरांड्यात बसून मोडक्या हिंदीत बाबांना सांगायचा आणि बाबा रात्री ताटावर ती आम्हाला सांगायचे, जणू काही शेजारच्या गावच्या नाटक कंपनीची हकिकत आहे. समुद्रकाठच्या एका खाणगावातली चार पोरं. सगळ्यांचे बाप कोळशात. दिवसा खाणीत, संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात वाजवायचं, जुनाट गाडीत झोपायचं. पहिली रेकॉर्ड कोणी घेतली नाही. दुसऱ्या रेकॉर्डची गाणी बसवत असताना साहेबाच्या बायकोला दिवस गेले, तेव्हा घर चालवायला तो बँड सोडून कायमचा खाणीत गेला. त्याच्या जागी दुसरा ढोलवाला आला. आणि तीच रेकॉर्ड अशी चालली की ते लोक विमानानं इंग्लंडला गेले, अमेरिकेला गेले, मैदानं भरून लोक त्यांना ऐकायला आले. साहेब खाणीत यंत्रं जोडत राहिला. बायकोही पुढे त्याच्याजवळ राहिली नाही, असं बाबांनी मायला हळू आवाजात सांगितलं होतं.

साहेबाची बहीण त्याला तिकडून पार्सल पाठवायची. त्यात नवी कॅसेट आणि मासिकाची कापलेली पानं असत. पार्सल आलं की अख्ख्या गेस्ट हाऊसचं हवामान बदलायचं. बँडला मोठं बक्षीस मिळालं तेव्हा साहेबानं बाबांची मरळ तशीच परत पाठवली आणि खाणीत एका फिटरवर उगाच डाफरला. मग गाणारा आणि गिटारवाला यांची मारामारी झाल्याची बातमी आली, तेव्हा त्यानं तीनदा भात मागून घेतला. पुढची रेकॉर्ड पडली तेव्हा कॉलनीतल्या पोरांना जिलबी वाटली. गाणारा एकटाच निघून गेला आणि बँड मोडला, त्या दिवशी तर साहेब बाथरूममध्ये शीळ घालत होता. सहा महिन्यांत तो गाणारा परत आला, बँड पुन्हा उभा राहिला, आणि साहेबाला दोन दिवस ताप चढला. बाबांना त्याचं काही कळायचं नाही. माय पोळी लाटता लाटता म्हणाली, "त्याचा जीव जळून राह्यला, दुसरं काई नाई." मला ते सांगावं लागलंच नाही. मी त्याला पहिल्यापासून ओळखत होते. वामनच्या हातावर कोणी पेढा ठेवला की माझं तोंड जसं व्हायचं, तसं त्याचं तोंड पार्सल उघडताना व्हायचं.

गॅरेजमध्ये साहेबानं वर्कशॉपच्या भंगारातून ऑइलचे पिंप, पत्रे आणि एक फुटकं घमेलं आणून स्वतःपुरता ढोल मांडला होता. रविवारी तो तिथे वाजवत बसायचा. स्वयंपाकघराची मागची खिडकी गॅरेजकडेच उघडायची. असाच एक रविवार होता. माय बाजारात गेली होती, बाबा कोठीत तांदूळ मोजत होते, मी एकटीच कणीक मळून बसले होते. साहेब पलीकडे वाजवायचा थांबला. मी लाटणं उचललं आणि पोळपाटाच्या कडेवर दोनदा ठोकलं, थांबले, मग कणकेच्या परातीवर एक थाप दिली. हाक्याचा ठेका. कोणाला ऐकवायला नाही, साहेबाचा आवाज बंद झाला म्हणून. मग मला गंमत वाटली आणि मी वाजवतच राहिले, तळ्यावर वाजवतात तसा हळूहळू वेग वाढवत. अचानक साहेबाचे बूट वाजले. तो पुढच्या दारानं धावत कोठीशी आला आणि बाबांना विचारू लागला, कोण वाजवतंय, आत कोण वाजवतंय.

बाबांचा चेहरा पांढरा पडला. गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघरात आवाज करायचा नाही हा पहिला नियम होता. भांडं पडलं म्हणून मागच्या खानसाम्याला घरी पाठवलं होतं, असं सगळे सांगत. साहेब रागावला आहे असं बाबांना वाटलं, आणि आत पोरगी आहे हे कळलं तर उद्यापासून मायला आणि मला स्वयंपाकघरात पाय ठेवू देणार नाहीत, असंही वाटलं. पोरगा व्रात्य असतो, पोराला लोक सोडून देतात. म्हणून बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "लडका है साब. वामन. बदमाश है. मैं मारेगा उसको."

वामन तेव्हा मागे पेरूच्या झाडावर होता. बाबांनी त्याला खाली ओढला, कानात काहीतरी सांगितलं, आणि तो दातात पेरू धरून, दोन्ही हातांनी कान पकडून साहेबापुढे उभा राहिला. मी दाराआडून बघत होते. साहेबानं त्याचे हात कानांवरून काढले आणि त्या हातांत आपल्या दोन काठ्या दिल्या, ढोल वाजवायच्या, गुळगुळीत, पिवळ्या लाकडाच्या. मग त्यानं बाबांना मिठी मारली. बाबांना काय झालं ते कळेना. ते माझ्याकडे बघत नव्हते.

त्या दिवशी ताटावर मी म्हटलं, बाबा, साहेबाले खरं सांगा ना. बाबांनी आधी भाताचा घास संपवला. मग म्हणाले, "तुले बोलणी खाऊ नाई देल्ली, अन् तूच माह्यावर रागावून राह्यली?" माय म्हणाली, आता सांगितलं तर साहेबापुढे बाप खोटा पडेल. मी वामनकडे पाहिलं. तो खळी पाडून हसला आणि त्यानं सुकसीचा मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला. मी तो परत त्याच्या ताटात टाकला. आजही तो आला की आपल्या ताटातलं काहीतरी माझ्या ताटात टाकतो, आणि मी ते परत टाकते.

मग दर रविवारी साहेब आणि वामन गॅरेजात, आणि मी खिडकीच्या अलीकडे पोळ्या लाटत. साहेब त्याला आपलं शिकवायचा आणि त्याच्याकडून आमचं शिकायचा. आमचं! वामनला हाक्याचा ठेका येत होता तो कानावर पडून आला तेवढाच. तो थांबतच नसे. दोन ठोके झाले की तिसरा लगेच हाणायचा, पंगतीत वाढपी पुढे सरकण्याआधी ताट पुढे करावं तसा. साहेब मान डोलवून तेच वाजवायचा. माझे हात शिवशिवायचे. एकदा मी लाटणं आपटून योग्य ठिकाणी थाप दिली, तर साहेब खिडकीशी येऊन हसून म्हणाला, "रोटी, रोटी," आणि परत गेला. त्या संध्याकाळच्या पोळ्यांचा आकार कोणी विचारू नये.

एवढं असून मला साहेबाचा राग येत नव्हता, कारण एका दुपारी तो मागच्या पायऱ्यांवर येऊन बसला होता तेव्हा मी तिथे तांदूळ निवडत होते. नवं पार्सल आलं होतं. त्यानं टेप लावली. बँडचं ते सगळ्यात गाजलेलं गाणं पुन्हा नव्यानं कुठल्याशा मोठ्या मैदानात वाजवलं होतं आणि त्यात मध्येच सगळं थांबून नुसता ढोल वाजायचा, मग हजारो लोक ओरडायचे. साहेबानं टेप थांबवली, मागे घेतली, पुन्हा लावली. ढोल आला की तो आपल्या गुडघ्यावर तेच वाजवायचा, टेपच्या जरासं आधी. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वो मेरा है. मैंने बनाया. नाम उसका." मला त्यातला शब्द न् शब्द कळला. मी सुपातले तांदूळ बाजूला ठेवले आणि गॅरेजकडे बोट दाखवून म्हटलं, रोटी नाही, गॅरेज, वो मेरा है. साहेबानं मान हलवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा टेप लावली. त्याला वाटलं मी त्याचंच वाक्य म्हणून दाखवते आहे. माजरीत माझं दुःख समजू शकेल असा एकच माणूस होता, आणि ते मला देणाराही तोच होता.

दिवाळीनंतर गावागावांत मंडई भरते. दिवसा बाजार, संध्याकाळपासून नाटक, घरोघरी पाहुणे. साहेबाला तळं बघायचं होतं, म्हणून बाबांनी त्याला गावी नेलं. आम्ही सगळे खाणीच्या जीपमधून गेलो. मंडईच्या सकाळी पाहुण्यांसाठी हाका असतो. साहेब आल्यामुळे अख्खं गाव बांधावर जमलं होतं. साहेबानं मोठेबांना सांगितलं, बाबांनी ते मराठीत सांगितलं, की ठेका वामन धरेल, कारण ठेका वामनचा आहे. मोठेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. बाबा चप्पल झटकू लागले. पाहुण्याचा शब्द मोडायचा नाही म्हणून मोठेबांनी वामनला पुढच्या डोंग्यात घेतलं. मी माझा डबा घेऊन बांधावर साहेबाच्या बाजूलाच उभी राहिले, आणि मनात एकच इच्छा होती, की आज जाळं रिकामं यावं.

माझी इच्छा पुरी होऊ लागली. वामननं सवयीप्रमाणे धडाधड ठोकायला सुरुवात केली. बाकीचे डोंगे त्याच्या मागे घाईला लागले. पाणी सगळीकडून नुसतं खवळलं, आणि जाळ्याची एकही तरंगी हलेना. मोठेबा डोंग्यातून ओरडले, "हळू रे पोट्ट्या, मासे गाळात बसून राह्यले." वामन गोंधळून आणखीच जोरात ठोकू लागला. मला इतका आनंद झाला की हसू लपवायला मी डबा तोंडापुढे धरला. मग माझं लक्ष काकूकडे, मोठेबांच्या बायकोकडे, गेलं. ती रिकामं मोठं घमेलं घेऊन काठावर उभी होती, घरी पाहुण्यांसाठी चूल पेटवून आली होती. आणि खरं सांगायचं तर काकूचाही मला एवढा कळवळा नव्हता. चुकीचा ठेका मला ऐकवेना, एवढंच. शिवाय वाटलं, साहेब बाजूला उभा आहे, तालाचा कान असलेला माणूस आहे. हीच वेळ.

मी डबा वाजवला. दोनदा, थांबले, एकदा. पुन्हा दोनदा, थांबले, एकदा. गावच्या माणसांचे हात आपोआप त्यावर आले, कारण वर्षानुवर्षं ते याच डब्यावर चालत होते. डोंगे एका ओळीत सरकू लागले. पहिल्या थांब्याला काही झालं नाही, मग एका थांब्याला जाळ्यापाशी एक रोहू उसळला, मग एक कतला, आणि मग सगळ्या तरंग्या एकदम बुडाल्या. लोक काठावर नाचू लागले. मी घामानं निथळत साहेबाकडे पाहिलं. साहेबाचा डोळा कॅमेऱ्याला लागला होता, आणि कॅमेरा होता वामनकडे. बांधावर सगळ्याच पोरी डबे वाजवत होत्या, आणि आमच्या तळ्यावर आवाज समोरच्या टेकडीला आपटून परत येतो, कुठून निघाला ते नवख्याला कळत नाही. आणि वामन, ज्याला तालातलं काही कळत नाही पण बाकी सगळं कळतं, तो माझ्याकडे बघून बरोबर माझ्यासारखा बांबू खालीवर करत होता. बघणाऱ्याला वाटावं की सगळं तळं तोच वाजवतो आहे.

डोंगा काठाला लागला तेव्हा साहेबानं वामनला खांद्यावर उचललं. मी डबा टाकला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "थे मी वाजवून राह्यली होती. पहिल्यापासून मीच वाजवून राह्यली." गावची माणसं जाळ्यातले मासे सोडवू लागली. त्यांना माहीतच होतं. साहेबानं वामनला तसंच खांद्यावर ठेवून बाबांना विचारलं, "क्या बोलती है?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मोठेबांकडे पाहिलं, जमलेल्या गावाकडे पाहिलं. मग म्हणाले, "भूख लगा बोलती है, साब."

साहेबानं खिशातून बिस्किटाचा पुडा काढून मला दिला. मी तो तळ्यात फेकला. बाबांनी माझ्या पाठीत धपाटा घातला, आणि साहेबाला सांगितलं की ऊन लागलं असेल.

त्या संध्याकाळी नाटकात मंचापुढच्या खड्ड्यात, जिथे वाजवणारे बसतात, तिथे वामनला मानानं बसवलं. मी गेले नाही. काकूच्या परसात मासे साफ करत बसले आणि लाउडस्पीकरवरून त्याचं ते धडाधड ऐकत राहिले. माय माझ्या शेजारी येऊन बसली, विळा घेतला, खवले काढू लागली. मग म्हणाली, "साहेबानं ओळखलं नाई तं नाई. मासे तं आले ना तुह्या डब्यावर?" मी म्हटलं, मले मासे नाई, साहेब पाहिजे होता. तिनं रोहूच्या पोटातली अंड्यांची गाभोळी काढून निखाऱ्यावर भाजली आणि सगळीच्या सगळी मला दिली, वामनला वाटा न ठेवता. आमच्या घरात असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मी ती खाल्ली, पण चव लागली असं म्हणणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात यंत्र चालू झालं आणि त्याच सुमारास साहेबाला तिकडून फोन आला. बँडचे दिवस फिरले होते. मैदानं गेली, पुन्हा गुत्ते आले. दुसरा ढोलवाला भांडून निघून गेला, आणि गाणाऱ्याला आपला जुना दोस्त आठवला. बँड इतका खाली आलेला असताना साहेब जाणार नाही असं बाबांना वाटलं होतं. साहेबानं त्याच दुपारी पेटी भरली. आपलं स्वतःचं आपण वाजवायला मिळणार, मग समोर मैदान असो की गुत्ता, त्याला काय! जाताना त्यानं पिवळ्या काठ्या वामनला दिल्या आणि मला एक परदेशी लाटणं पाठवतो म्हणाला. ते कधी आलं नाही. आलं असतं तर तेही मी तळ्यात फेकलं असतं. वामननं त्या काठ्या काही दिवस मिरवल्या, मग त्यांनी पेरू पाडले, मग एक हरवली. पुढे तो खाणीत डम्पर चालवायला लागला आणि त्यानं आयुष्यात परत कधी काही वाजवलं नाही. मी कोरपन्याला शाळेत शिकवलं. वर्गात पोरांच्या हातात डबे दिले, पण तो ठेका कोणाला शिकवला नाही. तो मी ठेवून घेतला.

परवा माझ्या नातवानं मोबाइल माझ्यापुढे धरला. त्याला ही गोष्ट मी पुष्कळदा ऐकवली आहे आणि त्यानं कुठूनतरी त्या बँडचा व्हिडिओ शोधून काढला होता. म्हणाला, आजी, हा बघ तुझा साहेब. टक्कल पडलेला, गळ्याची कातडी लोंबलेली, पण दात तेच. ते सगळेच म्हातारे झाले होते. मोठ्या मैदानात होते, म्हणजे दिवस पुन्हा वर आले असावेत. मधल्या काळात बँड आणखी किती वेळा मोडला आणि जुळला ते नातू वाचून सांगत होता, माझं लक्ष नव्हतं. साहेब माइकवर काहीतरी बोलला आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर आमचं तळं आलं. डोंगा, बांबू उचललेला वामन, खळी. मी त्या फोटोत नाही, मी कॅमेऱ्याच्या अलीकडे होते. नातवानं अर्थ सांगितला: हा ठेका मला भारतातल्या एका मासेमाराच्या पोरानं दिला, त्याचं नाव वामन. मैदानभर लोक ओरडले, वाऽमन, वाऽमन. माझ्या छातीत जे झालं ते सत्तरीच्या घरातल्या बाईला शोभणारं नव्हतं.

मग साहेबानं वाजवायला सुरुवात केली. मी मोबाइल कानाशी घेतला. पुन्हा लावायला सांगितलं. नातू विचारत होता, काय झालं आजी, पण मी माझ्या फोनवरून वामनला फोन लावला आणि नातवाचा मोबाइल जवळ धरून ते वाजवणं त्याला ऐकवलं. त्यानं ते शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, त्याला रडू आलं असेल आपलं नाव ऐकून, आणि मी फोन ठेवणार तेवढ्यात तो बोलला.

"ताई," तो म्हणाला, "हा तं माह्यासारखा वाजवून राह्यला. थांबूनच नाई राह्यला. याच्यावर मासा नाई लागत." मग जरा थांबून म्हणाला, "तुह्यासारखं मले कधी जमलंच नाई ना, बाई. त्याले कुठून शिकवणार?"

मी फोन स्पीकरवर टाकला, नातवाला जवळ ओढलं, सुनेला स्वयंपाकघरातून बोलावलं, आणि म्हटलं, वामन, काय म्हणाला, पुन्हा म्हण. तो पुन्हा म्हणाला. मग शेजारीण दारात आली, म्हणून मी त्याला आणखी एकदा म्हणायला लावलं.